फॉलिक्युलर स्टडीचा कागद

फॉलिक्युलर स्टडीचा कागद दिसायला साधाच असतो. मूल हवं असताना अंडाशयातल्या अंड्यांच्या पिशव्या कशा वाढताहेत ते सोनोग्राफीने मोजत राहतात, त्या तपासणीचा हा कागद. वर नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख. खाली रकाने: तारीख, पाळीचा कितवा दिवस, आरओ, एलओ, ईटी, शेरा. मी सोलापुरात नवी पेठेत एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते, दिवसभर रकानेच बघत असते, त्यामुळे कागदाची भीती वाटली नाही. फक्त आरओ वाचून आधी पाण्याचं मशीन डोळ्यांपुढे आलं. मग डॉक्टर मॅडमनी सांगितलं, आरओ म्हणजे उजवं अंडाशय, एलओ म्हणजे डावं आणि ईटी म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी. पहिल्या ओळीत आरओखाली लिहिलं होतं, 'मल्टिपल, आठच्या आत', म्हणजे आठ मिलिमीटरच्या आतले बरेच गोल. एलओखालीही तेच.

हे मल्टिपल घरी पोचेपर्यंत त्याच्या गाठी झाल्या. सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या, "दोन्हीकडं गाठी हायत म्हणं गं हिला." ती बातमी तिथून बार्शीला गेली आणि संध्याकाळी परत आली ती "ऑपरेशन कुठं करायलेत?" अशी होऊन. ऑपरेशनचा काही संबंधच नव्हता. माझी पाळी कॉलेजपासून दीड-दोन महिन्यांनी यायची, हनुवटीवर केस, वजन जरा जास्तच. म्हणजे पीसीओएस, संप्रेरकांचा तोल बिघडून अंडं वेळेवर न सुटण्याचा त्रास. त्यात सोनोग्राफीवर अंडाशयाच्या कडेने जे काळे गोल ओळीने दिसतात त्या गाठी नसतात. प्रत्येक गोल म्हणजे एक फॉलिकल, शाळेच्या पुस्तकातली पुटिका. द्रवाने भरलेली बारीक पिशवी आणि तिच्या आतल्या भिंतीला धरून बसलेली एक अंडपेशी. वाढायला निघालेल्या आणि पाच-सात मिलिमीटरवर अडकून पडलेल्या या पुटिका. हे मी बार्शीला फोन करून सांगितलं. "बरं बरं, गाठी नाहीत ना, मग ठीक," एवढंच उत्तर आलं.

नेहमीच्या चक्रात काय होतं ते मॅडमनी त्याच कागदाच्या पाठीमागे रेघा ओढून दाखवलं. पाळी येते त्या सुमारास मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडायला लागते. अंडाशयात तेव्हा तयारीत असलेल्या काही पुटिका त्याच्या जोरावर बरोबरीने वाढू लागतात. पुटिकेच्या दोन थरांनी काम वाटून घेतलेलं असतं. बाहेरच्या थरातल्या पेशी एलएच हे पिट्युटरीचंच दुसरं संप्रेरक मिळालं की पुरुषी संप्रेरकं बनवतात (हो, बाईच्या अंडाशयातही ती बनतातच), आणि आतल्या थरातल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या मदतीने त्यांचं इस्ट्रोजेन करतात. एखादी पुटिका दहा मिलिमीटरच्या आसपास आली की ती बाकीच्यांच्या पुढे निघते. तिचं इस्ट्रोजेन आणि इनहिबिन नावाचं आणखी एक संप्रेरक रक्तातून वर पोचतं, आणि एफएसएच कमी होतं. कमी झालेल्या एफएसएचवर बाकीच्यांचं भागत नाही. सोलापूरच्या माणसाला हे फार समजवावं लागत नाही. नळाचं प्रेशर कमी झालं की ज्याच्याकडं मोटर आहे त्याच्याच टाकीत पाणी चढतं, बाकीचे हंडे मांडून बसतात. पुढे निघालेल्या पुटिकेकडे तोवर एफएसएच पकडणारे भरपूर रिसेप्टर जमलेले असतात, शिवाय ती एलएचवरही निभावून न्यायला शिकलेली असते. उरलेल्या सुकून जातात. महिन्याला बहुतेक वेळा एकच अंडं का, ते यामुळे.

माझ्याकडे कुणीच पुढे निघत नव्हतं. एलएच आणि पुरुषी संप्रेरकं वाढलेली, इन्शुलिनचं काम नीट नाही, आणि एफएसएच त्या एवढ्या गर्दीला पुरत नाही. गर्दी मात्र खरीच होती. एएमएच नावाची रक्ताची तपासणी असते, ती लहान वाढत्या पुटिकांच्या संख्येचा अंदाज देते, कारण एएमएच त्यांच्याच ग्रॅन्युलोसा पेशींतून येतं. माझं एएमएच भरपूर जास्त आलं. नवरा एवढा खूश झाला की पेढेच आणायचे बाकी होते. मॅडम म्हणाल्या, "साठा आहे, चांगलंय. पण एवढं जास्त एएमएच एफएसएचचा परिणामही कमी करतं. त्यामुळे आपल्याला एकीला तरी पुढं ढकलावं लागणार." शिवाय एएमएचवरून अंड्यांचा अंदाज लागतो तो संख्येचा. अंडी कशी आहेत ते त्यावरून कळत नाही. हे त्या दिवशी ऐकलं तेव्हा कानावरून गेलं, नंतर पटलं.

ढकलायला दिलं लेट्रोझोल. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस गोळी. ही गोळी इस्ट्रोजेन बनण्याची शेवटची पायरी अडवते. इस्ट्रोजेन कमी पडलं की मेंदूला वाटतं पुटिका वाढतच नाहीत, आणि तो एफएसएच वाढवतो. गोळ्या संपल्या की अडसर दूर होतो, तोवर एखादी पुटिका पुढे गेलेली असते. माझ्या जावेने मोबाइलवर नाव टाकून बघितलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कॅन्सरची गोळी आहे, माहीताय का तुला?" आहेच. स्तनाच्या कर्करोगासाठीच ती आधी वापरात आली. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदीसुद्धा आली होती आणि 2017 मध्ये ती उठवली. आता पीसीओएसमध्ये पहिली गोळी हीच देतात. जाऊबाईंना मी एवढं सगळं सांगितलं नाही, "मॅडमनी तपासून दिलीय" म्हटलं. एकत्र कुटुंबात माहिती किती द्यायची याचाही डोस ठरवावा लागतो.

मग सोनोग्राफीच्या सकाळी. ही तपासणी पोटावरून करत नाहीत, योनीमार्गातून करतात, आणि त्याला लघवीची पिशवी रिकामी लागते. पहिल्यांदा येणाऱ्या बायका हमखास बाटलीभर पाणी पिऊन, मांड्या आवळून बसलेल्या असतात, कारण सोनोग्राफी म्हणजे पाणी प्यायचं हे डोक्यात पक्कं असतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. पाणी सुटायचा दिवस आणि स्कॅनचा दिवस एकाच सकाळी आला की भांडी, टाकी, बॅरल भरून, केस ओले तसेच बांधून मी स्कूटरवर निघायची. ऑफिसात तिकडे वीस तारीख जवळ आलेली, जीएसटीआर-3बी या रिटर्नची घाई, आणि मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागत असायची. कारण सांगायची सोय नाही. "दाताचं काम चाललंय" म्हणून सांगितलं होतं. सर एकदा म्हणालेच, "अख्खी कवळी बसवायलीस का?"

बाहेरच्या बाकड्यावर अक्कलकोट, मंगळवेढा, इंडी, विजापूर अशी कुठून कुठून आलेली माणसं. मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी सगळं एकात एक मिसळलेलं. भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'ची पाटी. तिच्याखाली बसून बायका एकमेकींना आकडे विचारतात. "तुमचं आज किती आलं?" "सोळा." "माझं चौदालाच बसलंय बघा." नाव कुणी विचारत नाही.

आतल्या पडद्यावर काय दिसतं ते मी बारकाईने बघायला लागले ते तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून. करड्या रंगात अंडाशय, त्यात काळे गोल. द्रव काळा दिसतो म्हणून पुटिका काळी. मॅडम गोलाच्या एका कडेला बारीक अधिकचं चिन्ह ठेवतात, दुसऱ्या कडेला दुसरं, मध्ये ठिपक्यांची रेघ उमटते आणि कोपऱ्यात आकडा येतो. मग काटकोनात आणखी एकदा. उजवीकडचा एक गोल अकरा झाला, दोन दिवसांनी चौदा, मग सतराच्या वर. रोज साधारण दीड-दोन मिलिमीटर. अस्तर तीन पदरी दिसायला लागलं, तेही इस्ट्रोजेनचंच काम. सगळं बरोबर चाललं होतं. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अंडं किती मोठं झालं?"

मी सांगितलं, "अठरा." आणि मग रात्री मला चैन पडेना, कारण अठरा मिलिमीटरचं माणसाचं अंडं म्हणजे काय, हे मनात आणून बघितलं तर ते शक्यच दिसेना. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या हसल्या. अंडपेशी असते 0.1 मिलिमीटरच्या जरा वर. चांगली नजर असेल तर नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. शरीरातल्या इतर पेशींच्या मानाने ती प्रचंडच, पण सोनोग्राफीच्या पडद्यावर ती कधीच दिसत नाही. वाढते ती पुटिका, त्यातला द्रव, भोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी. अंडपेशीचं स्वतःचं मोठं होणं त्याच्या कितीतरी आधी, पुटिका अजून मिलिमीटरभरही नसते तेव्हाच जवळजवळ उरकलेलं असतं. म्हणजे मी दिवसाआड ज्या आकड्याची वाट बघत होते, तो ज्याच्यासाठी चाललंय त्याचा नव्हताच. मॅडम म्हणाल्या, "पुटिका अठरा-वीस झाली की आतलं अंडं पिकायला तयार असेल असा तो अंदाज. त्यापलीकडं सोनोग्राफी काही सांगत नाही." मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटलं. बाहेरच्या बाकड्यावर चौदालाच बसलंय म्हणून डोळ्यांत पाणी आणून बसलेल्या बाईला तर नक्कीच.

त्यानंतर मी या विषयात जरा शिरलेच. दोन आठवड्यांत अंडं बनतं अशी आपली समजूत असते, कागदावरही पाळीचा दुसरा दिवस ते चौदावा दिवस एवढंच असतं. पण ज्या पुटिका त्या दुसऱ्या दिवशी दिसतात त्या आधीच लांबून आलेल्या असतात. अगदी सुरुवातीच्या झोपलेल्या पुटिकेत अंडपेशीभोवती चपट्या पेशींचा एकच पदर असतो. ती जागी होते, पेशी फुगीर होतात, एकाचे अनेक पदर होतात, अंडपेशीभोवती काचेसारखं पारदर्शक कवच तयार होतं आणि त्या कवचातून भोवतीच्या पेशी बारीक धाग्यांनी अंडपेशीला खाऊपिऊ घालतात. जागं झाल्यापासून फुटेपर्यंत कित्येक महिने जातात, वर्षाच्या आसपासही. द्रवाची पोकळी तयार होण्याच्या जरा आधीपासून धरलं तरी सुमारे 85 दिवस. म्हणून तर उपचाराआधी तीन महिने झोप, वजन, फॉलिक ॲसिड, तंबाखू-मिश्री बंद, असं सांगतात. या महिन्यात खाल्लेल्या खजुराचा या महिन्याच्या अंड्याला फारसा उपयोग नाही. नवऱ्यालाही मी हे ऐकवलं, तर तो म्हणाला, "आमचं तर रोज ताजं बनतं." बनतं, पण एक शुक्राणू तयार व्हायलाही अडीच महिने लागतातच. त्याचा गुटखा त्याच आठवड्यात बंद केला.

आणि याच्याही मागे जायचं तर आईच्या पोटापर्यंत जावं लागतं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत 60 ते 70 लाख अंडपेशी असतात. तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा. जन्माला येईपर्यंत त्यातल्या 10 ते 20 लाख उरतात. वयात येईपर्यंत 3-4 लाख. प्रत्यक्षात पिकून बाहेर पडतात त्या सगळ्या आयुष्यात 400-500. बाकीच्या गळतात, रोज, पाळी असो नसो, गर्भनिरोधक गोळ्या चालू असोत, बाई गरोदर असो, गळती थांबत नाही.

माझी आजी मंगळवेढ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले असं ती सांगायची, आणि तेव्हा आई तिच्या पोटात होती. म्हणजे मी ज्या अंडपेशीतून झाले ती त्या खडीच्या ढिगाजवळ, आजीच्या पोटातल्या आईच्या अंडाशयात, 1972 मध्येच तयार झालेली होती. आईला हे मी फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "म्हणूनच तू अशी चिवट."

ती अंडपेशी तेव्हा एका विभाजनाच्या मधोमध थांबलेली होती. ही थांबण्याची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. अंडपेशी आईच्या पोटातच अर्धसूत्री विभाजनाला (गुणसूत्रं निम्मी करायच्या विभाजनाला) सुरुवात करते, गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना धरून उभ्या राहतात, त्यांच्यात थोडी देवाणघेवाणही होते, आणि तिथेच सगळं थांबतं. मुलगी जन्मते, शाळेत जाते, तिचं लग्न होतं, आणि ती जोडी तशीच धरून उभी असते. ज्या महिन्यात बाहेर पडायची वेळ येते तेव्हाच विभाजन पुढे सरकतं. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी. जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं सुरुवातीलाच बसवलेली असतात, नंतर त्यांची भर जवळजवळ पडत नाही. वय वाढेल तशी ती सैल पडतात आणि वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. एकवीस क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं राहिलं तर बाळाला डाउन सिंड्रोम. आई पंचविशीची असेल तर साधारण 1,250 बाळांत एक, चाळिशीत शंभरात एक. वयाबद्दल डॉक्टर घाई करतात ती यासाठी. बायकांना "फार शिकत बसलीस" म्हणून टोमणे मारणाऱ्यांना यातलं काही माहीत नसतं, आणि टोमण्याने ती प्रथिनं घट्टही होत नाहीत.

लेट्रोझोलच्या चक्रांत पुटिका वाढल्या, ट्रिगरच्या, म्हणजे अंडं पिकवून पुटिका फोडायच्या इंजेक्शननंतर फुटल्याही, मागे द्रव सांडलेला सोनोग्राफीत दिसला, आययूआय झालं, म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडले. दिवस राहिले नाहीत. नवऱ्याचा रिपोर्टही बेताचाच होता. मग आयव्हीएफ ठरलं, अंडी बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करायचे. तो सगळा मधला काळ लिहिण्यासारखा नाही, पाळी आली की एक दिवस चादरीत तोंड घालून पडायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस.

आयव्हीएफमध्ये अंडाशयाचा नियमच उलटा करतात. बाहेरून एफएसएचची इंजेक्शनं रोज द्यायची, म्हणजे मेंदूने हात आखडता घेतला तरी प्रेशर कमी होत नाही, आणि ज्या पुटिका एरवी सुकल्या असत्या त्याही वाढतात. नणंदेला भीती होती की अशाने माझी पुढची अंडी आधीच संपतील. तसं होत नाही. साठ्यातल्या झोपलेल्या पुटिकांना ही इंजेक्शनं उठवत नाहीत. त्या महिन्यात तशाही गळणार होत्या, त्याच वाचवतात. पुटिका मोठ्या व्हायला लागल्या की आणखी एक इंजेक्शन सुरू होतं, एलएचची लाट वेळेआधी उसळू नये म्हणून. नाहीतर अंडी काढायच्या आधीच बाहेर पडायची.

इंजेक्शनं थंड ठेवायची असतात आणि आमचा महिना होता एप्रिल. सोलापूरचा एप्रिल. मेडिकलवाल्याने बर्फाची पिशवी दिली, ती मी स्टीलच्या डब्यात, डबा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत नाही तर पायाशी ठेवून आणला, कारण डिकी तापलेल्या तव्यासारखी असते. फ्रिजमध्ये दरवाजात लोण्याच्या कप्प्यात इंजेक्शनं, खाली दही आणि शेंगाची चटणी. बेंबीच्या दोन बोटं बाजूला चिमटीत कातडी धरून मी स्वतःच टोचायला शिकले. पहिल्या दिवशी हात थरथरला, नंतर भाजी चुलीवर ठेवून मधल्या वेळात टोचून घ्यायची.

शेवटी शेवटी पोट ताठलं. पीसीओएसमध्ये पुटिका फार संख्येने वाढतात आणि नेहमीचा एचसीजी या संप्रेरकाचा ट्रिगर दिला तर अंडाशयं सुजून पोटात पाणी साचायचा धोका असतो, ओएचएसएस म्हणतात त्याला. म्हणून मला वेगळा ट्रिगर दिला, जो माझ्याच पिट्युटरीकडून एलएचची लाट उसळवतो. आणि गर्भ लगेच आत सोडायचे नाहीत, गोठवायचे, हेही आधीच ठरलं.

ट्रिगरची वेळ मात्र लष्करी. रात्री बरोबर दहा. मोबाइलवर गजर, नवऱ्याच्या मोबाइलवर दुसरा. अंडी काढायची ती परवा सकाळी नऊला, म्हणजे 35 तासांनी. या 35 तासांत आत जे घडतं ते मी तोवर वाचून ठेवलं होतं. भोवतीच्या पेशी अंडपेशीला नुसतं पोसत नसतात, तिला झोपवूनही ठेवत असतात. त्यांच्याकडून सीजीएमपी नावाचा एक लहानसा रेणू सतत तिच्यात झिरपत असतो, तोवर विभाजन पुढे जात नाही. एलएच आलं की तो पुरवठा तुटतो. अंडपेशीचं केंद्रक विरघळतं, इतकी वर्षं धरून उभ्या असलेल्या जोड्या सुटतात, अर्धी गुणसूत्रं बाहेरच्या कडेला एका इवल्याशा पेशीत टाकून दिली जातात. तिला ध्रुवीय पिंड म्हणतात. वाटणी गुणसूत्रांची समसमान, पण बाकीचा माल जवळजवळ सगळा अंडपेशीकडेच राहतो, कारण पुढच्या पहिल्या काही दिवसांचा संसार तिलाच चालवायचाय. मग लगेच दुसरं विभाजन सुरू होतं आणि पुन्हा मध्येच थांबतं. ते पुरं होतं शुक्राणू आत शिरल्यावरच. लवकर काढलं तर अंडी कच्ची, उशीर केला तर ती आपली आपण निघून गेलेली. त्या रात्री मी साडेदहालाच झोपले, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुठल्याच आकड्याचा ताळा लागेना, मन तिकडेच.

पिकअपच्या, म्हणजे अंडी काढायच्या सकाळी उपाशी जायचं. सलाईन, भूल, पाच-दहा आकडे मोजेपर्यंत अंधार. मी झोपेत असताना सोनोग्राफीवर बघत सुई योनीमार्गातून एकेका पुटिकेत घालून द्रव ओढून घेतात. वाळल्या गवताच्या रंगाचा, कधी रक्ताची लाल छटा असलेला तो द्रव गरम ठेवलेल्या नळ्यांतून शेजारच्या लॅबच्या खिडकीतून आत जातो आणि तिथे एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये अंडी आणि गर्भ सांभाळणारे तज्ज्ञ, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी शोधतात. शुद्धीवर आले तेव्हा तोंडाला कोरड होती आणि नवरा नर्सला विचारत होता, "हिला चहा चालंल का?"

दुपारी एम्ब्रियॉलॉजिस्ट मॅडमनी आम्हाला बोलावून स्क्रीन दाखवली. इक्सी, म्हणजे एकेका अंड्यात सुईने एकेक शुक्राणू सोडायचं, करायचं असल्यामुळे अंड्याभोवतीच्या पेशी काढून टाकलेल्या होत्या, म्हणून अंडी स्वच्छ दिसत होती. एक गोल, कडेला जाड पारदर्शक कवच, आत बारीक दाणेदार सायीसारखं काहीतरी, आणि कवच व गोल यांच्या फटीत एका बाजूला एक टिकली. "हा ध्रुवीय पिंड. हा दिसला म्हणजे अंडं पिकलेलं. हे एम-टू." दुसऱ्या अंड्यात टिकली नव्हती, केंद्रकही नव्हतं. ते एम-वन, अर्ध्या वाटेवरचं. तिसऱ्यात मधोमध मोठं गोल केंद्रक स्पष्ट दिसत होतं, जणू ट्रिगर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. ते जीव्ही. जितक्या पुटिका मोजल्या होत्या तितकी अंडी निघाली नव्हती, आणि जितकी निघाली तितकी पिकलेली नव्हती. तरी पीसीओएसच्या मानाने बरं, असं त्या म्हणाल्या. विशेष म्हणजे पडद्यावरच्या गोलांची मापं सारखीच असली तरी सगळ्यांतली अंडी सारखी पिकलेली निघतीलच असं नाही, हे त्यांनीच सांगितलं.

सुभाष मुखोपाध्याय यांची गोष्ट मला याच दिवसांत वाचायला मिळाली. कोलकात्याचे हे डॉक्टर. इंजेक्शनं देऊन जास्त अंडी वाढवणं, योनीमार्गाने अंडी काढणं, गर्भ गोठवून ठेवून पुढच्या चक्रात आत सोडणं, हे तिन्ही त्यांनी केलं आणि 3 ऑक्टोबर 1978 ला 'दुर्गा' जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी असलेल्या इंग्लंडच्या लुईस ब्राउननंतर काही आठवड्यांनी. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला, ती देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून नोंदली गेली. आणि त्याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या वह्या बघून 1997 मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःचा मान असा काढून दुसऱ्याला देणारा माणूस किती मोठा असेल. माझ्या उपचाराचा ढोबळ आराखडा 1978 चाच आहे.

पिकअपच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून फोन आला. पिकलेल्या अंड्यांपैकी बऱ्याच अंड्यांत दोन-दोन केंद्रकं दिसत होती, एक माझं, एक नवऱ्याचं, आणि फटीत दुसरा ध्रुवीय पिंड. म्हणजे आईच्या पोटात सुरू झालेलं ते विभाजन एकदाचं संपलं होतं. पाचव्या दिवसापर्यंत जे टिकले ते गर्भ गोठवले. ट्रान्सफर, म्हणजे गर्भ आत सोडणं, पोट उतरल्यावर, पावसाळ्यात. त्याची तयारी म्हणजे अस्तराची तयारी, अंडाशयाला त्यात आता काही काम नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खर्च किती झाला?" बिलं मी ऑफिसच्या सवयीने फाइल करून ठेवली होती. हॉस्पिटलच्या बिलावर जीएसटी नाही, आयव्हीएफही आरोग्यसेवेतच धरायचं असा खुलासा 2022 मध्ये झालेला आहे. इंजेक्शनांच्या बिलावर मात्र होता. नवरा म्हणाला, "मग त्याचं क्रेडिट घेता येत नाही का गं?" त्याला सांगितलं, घरगुती खर्चावर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नसतं.